शांत बसलेला वर्ग

“…तर यातलं सगळ्यात चांगलं कुठलं, एवढंच सांगा, बाई.”

सर्वेश तोरसकरनं टॅब आचरेकर बाईंच्या मांडीवर ठेवला. बाई ओटीवर चहा पीत बसल्या होत्या. मालवणजवळच्या खाडीकाठचं हे घर त्याच्या ओळखीचं होतं. याच बाईंनी त्याला शाळेत असताना जीवशास्त्राचं वेड लावलं होतं, आणि आता त्यांच्याच शाळेत तो दहावीला विज्ञान शिकवत होता.

उत्क्रांतीच्या धड्यासाठी त्यानं सगळं इंटरनेट पालथं घातलं होतं. परदेशी संग्रहालयांच्या वेबसाइट, गोल फिरवून बघता येणारे जीवाश्म, चोची बदलत जाणाऱ्या पक्ष्यांचा एक खेळ. व्हिडिओ तर विचारूच नका. त्यातलं बरंचसं वर्गात दाखवूनही झालं होतं. पुढच्या आठवड्यात तालुक्यातले शिक्षक त्याचा तास बघायला येणार होते. त्याआधी बाईंनी पाठ थोपटावी म्हणून तो आला होता. निवड वगैरे नुसतं निमित्त.

बाईंनी चष्मा चढवला आणि बघायला लागल्या. अगदी मन लावून. देवमाशाचे पूर्वज चार पायांवर चालताना दिसले, तेव्हा हातातला चहा त्यांनी बाजूला ठेवला. पक्ष्यांच्या खेळात त्यांचे सगळे पक्षी उपाशी मेले. त्या खो खो हसल्या आणि पुन्हा खेळल्या.

“सुंदर आहे रे! आमच्या वेळी एक तक्ता होता. त्यालाही वाळवी लागलेली.”

सर्वेशची छाती फुगली.

“पोरांनी काय विचारलं?”

“काहीच नाही, बाई. एकदम शांत बसली होती.”

“शांत?”

कुणाच्या आजारपणाची बातमी ऐकावी, तसा बाईंचा चेहरा झाला.

…

“रुमाना म्हणून एक मुलगी आहे,” सर्वेश टॅब उचलून घेत म्हणाला. “तिनं विचारलं होतं. माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी उरली?”

“मग?”

“म्हटलं, पुढच्या व्हिडिओत आहे.”

“होतं?”

“…नव्हतं.”

त्यानंतर रुमानानं हात वर केला नव्हता. तिचं बघून इतरांनीही नाही. हे त्यानं बाईंना सांगितलं नाही, पण मनात तेच टोचत होतं.

“म्हणून तर आलो,” तो घाईघाईनं म्हणाला. “याचं नेमकं उत्तर देणारा एखादा व्हिडिओ तुमच्या बघण्यात…”

“चल,” बाई म्हणाल्या. पदर खोचून त्या पायऱ्या उतरायलाही लागल्या.

खाडीला ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलात निवटे उड्या मारत होते. बोटभर लांबीचे, डोळे डोक्यावर आलेले मासे. पुढच्या परांवर रेटा देत पाण्याबाहेर खुशाल चालत होते.

“अरे, हेच की!” सर्वेश ओरडला. “बाई, हाच आपला पूर्वज! पाण्यातून जमिनीवर आलेला!”

“हा? हा तर आत्ता पाणी ओसरल्यावर आलाय. तुझ्याइतकाच आजचा आहे तो. उगाच म्हातारा नको करूस त्याला.”

सर्वेश ओशाळला.

बाईंनी एकदम विषय बदलला. “तुझा चुलतभाऊ बाबल बरा आहे ना?”

“बाबल? मजेत आहे. का?”

“तू बाबलपासून झालास काय रे?”

“छे! आमचे आजोबा एक.”

“मग तू झालास, तरी बाबल अजून कसा उरला?”

सर्वेशनं एकदा निवट्यांकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

आणि मग तो इतक्या जोरात हसला, की जवळपासचे निवटे पटापट बिळांत शिरले. माकडं उरणारच! ती कुठे आपले आजोबा आहेत! इतकी वर्षं हे आपण पाठ म्हणत आलो, आणि रुमानाला धड सांगता आलं नाही. आता ती हसेल, आणि लगेच दुसरं काहीतरी विचारेल. त्याला कधी एकदा वर्गात जातो असं झालं.

तेवढ्यात त्याला सुचलं. त्यानं खिशातून फोन काढला.

“बाई, हलू नका! पुन्हा एकदा म्हणा, अगदी असंच. उद्या वर्गात हेच लावतो. असा व्हिडिओ जगात कुठे सापडायचा नाही!”

मागे खाडी, पुढे चिखल, मधे बाई. झकास दिसत होतं.

“हं, बोला.”

बाई पुढे आल्या. कमरेत वाकल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बघावं, तशा त्या फोनच्या बारक्याशा काचेकडे बघत राहिल्या. हसऱ्या चेहऱ्यानं, उत्सुक डोळ्यांनी.

…

“बाई, चालू आहे. बोला ना!”

फोनवरची नजर न काढता बाईंनी हातानंच त्याला गप्प केलं.

“थांब रे. आधी ह्याला काहीतरी विचारू दे.”