खालच्या पेठेचा हिरवा रंग

नदीकाठच्या एका गावात दोन पेठा होत्या, खालची आणि वरची. दोन्ही पेठांना फुटबॉलचं असलं खूळ, की लग्नाचा मुहूर्त काढायच्या आधी सामन्याच्या तारखा बघायचे. नवरदेव मांडवात आणि वऱ्हाड मैदानावर, अशी फजिती पूर्वी एकदा झाली होती म्हणतात.

खालच्या पेठेत हिंदूराव नावाचा गिरणीवाला राहायचा. पिठाच्या गिरणीच्या घरघरीवर ओरडून ओरडून त्याचा आवाज एवढा मोठा झाला होता, की तो कानात सांगायला लागला तरी चार घरं ऐकायची. पण पेठेत त्याला मान होता तो ताशामुळं. मैदान खोलगट होतं आणि पाठीराखे बसायचे वरच्या बांधावर. तिथून सगळा खेळ दिसायचा. खेळणाऱ्याला पाठीमागचं कुठलं दिसायला! म्हणून खालच्या पेठेनं फार जुनी एक रीत ठेवली होती. बांधावरचा ताशा संथ वाजला, की मागं आपलाच गडी आहे, बिनघोर पुढं जा, नाहीतर चेंडू त्याच्यासाठी मागं सोड. ताशा तडतडला, की मागून समोरच्यांचा गडी आला, फिर माघारी. हिंदूरावचा आजा ताशा वाजवायचा, मग बाप, मग तो. त्या तिघांच्याही काळात पेठेची जर्सी हिरवी होती आणि वरच्या पेठेची पांढरी.

एका साली पैसेवाल्यांची नजर गावच्या फुटबॉलवर पडली. वरच्या पेठेच्या संघात एका खत कारखानदारानं पैसा घातला. झालं! हिंदूरावचे व्याही केरबा वरच्या पेठेचे. ते हिंदूरावच्या लेकीची खुशाली सांगायच्या निमित्तानं आले आणि खालच्या पेठेच्या कट्ट्यावरच बसले.

"आमच्या मालकांचा बंगला वर बघायला गेलं तर डोक्यावरची टोपी पडते," ते म्हणाले. "तुमच्या संघाला कोण आहे, व्याही?"

हा घाव हिंदूरावच्या फार जिव्हारी लागला. त्या दिवसापासून कट्ट्यावरच्या गप्पाच पालटल्या. पूर्वी कुणी कसा पास दिला, कुणाची किक कशी बसली, यावर भांडणं व्हायची. आता कुणाचा मालक किती मोठा, कुणाच्या किटचं कापड कसलं, कुणाचे बूट कुठून येणार, यावर व्हायला लागली. फुटबॉल कसला, सोयरीक जमवायची बोलणी चालल्यासारखं वाटायचं.

आणि देवानं ऐकलं म्हणायचं. महिन्याभरात खालच्या पेठेलाही मालक मिळाला. धन्यकुमार शेठ. त्यांची मोठी दूध डेअरी होती. माणूस साधा, कमी बोलणारा, लहानपणी बांधावर बसून सामने बघितलेला. ते तालमीत, म्हणजे संघाची बैठक जिथं बसायची तिथं, आले ते नमुन्याचं किट घेऊनच. सगळ्या पाठीराख्यांनी ते हातात घेऊन, चुरगाळून, उजेडात धरून बघितलं.

"घाम आला तरी आपोआप वाळतो म्हणे," पांडबा म्हणाला. तो हिंदूरावचा कट्ट्यावरचा जोडीदार.

"मग तुझी आंघोळ वाचली," हिंदूराव म्हणाला आणि तालीम हसली.

मग शेठ म्हणाले, "रंगाचं काय करायचं? माझ्या डेअरीचा रंग पांढरा आहे. पांढरं किट चालेल का तुम्हाला?"

जर्सीबद्दल पहिला शब्द बोलायचा मान ताशेवाल्याचा, अशी पेठेची रीत. सगळे हिंदूरावकडं बघायला लागले. पांढरा म्हणजे वरच्या पेठेचा रंग! आज्यानं ऐकलं असतं तर काठी घेऊन मागं लागला असता. 'नको' हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण नाही म्हटलं आणि शेठ उठून गेले तर? केरबांचं ते टोपी पडणारं बोलणं त्याला आठवलं. त्यानं शब्द गिळला आणि हसून म्हणाला,

"चालेल काय, शेठ? पळेल!"

तालमीत टाळ्या पडल्या. शेठनी मान डोलावली आणि चहा घेऊन ते गेले.

दोन संघांना एक रंग घेता येत नाही, असा फुटबॉल संघटनेचा नियम होता. मालक आले म्हणून त्या साली रंगांची नोंद नव्यानं होणार होती, आधी जाईल त्याचा रंग. खालच्या पेठेची मंडळी दुसऱ्याच दिवशी जाऊन पांढरा नोंदवून आली. वर आणि मिशीला पीळ, की वरच्या पेठेच्या अंगातली जर्सी उतरवली! वरच्या पेठेला राहिला होता हिरवा. खतवाल्या मालकाला तर तो शेतीचा रंग म्हणून फारच आवडला. केरबा मुद्दाम सांगायला आले.

"तुमचा रंग आम्ही घातला बरं का, व्याही."

"जुने कपडे आम्ही बोहारणीला देतो," हिंदूराव म्हणाला. "या खेपेला तुम्हाला दिले."

कट्टा हसून हसून लोटपोट झाला. हिंदूरावही हसला. पण रात्री जेवताना त्याला भाकरी गोड लागली नाही.

हंगाम मात्र झकास गेला. समोर कधी लाल जर्सी, कधी निळी. हिंदूराव त्या रंगावर डोळा ठेवायचा, आणि तो आपल्या गड्याच्या मागं दिसला की ताशा तडतडवायचा. बचावाला इलियास होता. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या घरातला हा गडी भिंतीसारखा उभा राहायचा. तो कधीही मागं वळून बघायचा नाही. ताशा ऐकायचा. चेंडू घेऊन जाणाऱ्या इलियासची पाठ राखायला हिंदूरावचे डोळे होते, असं म्हटलं तरी चालेल. संघ अंतिम सामन्यात पोचला आणि समोर आली वरची पेठ. अंगात हिरवा घालून.

सामना रंगला. सुरुवातीला हिंदूराव मनाला बजावत होता, हिरवे ते त्यांचे, पांढरे ते आपले. मध्यंतरापर्यंत सगळं नीट चाललं. पण शेवटाला दोन्ही बाजू बरोबरीत, घसे बसलेले, बांधावर कुणी बसायला तयार नाही. इलियास चेंडू घेऊन पुढं निघाला. त्याच्या मागून एक गडी मोकळ्या जागेत मुसंडी मारून आला. हिंदूरावनं हिरवं बघितलं. मन काही बोलायच्या आत हात चालले. ताशा संथ वाजला, उलट नेहमीपेक्षा ठसक्यात वाजला. मागं आपला गडी आहे, जा पुढं!

इलियासनं बिनघोर चेंडू मागं सोडला. हिरव्या गड्यानं तो घेतला आणि सरळ खालच्या पेठेच्या जाळ्यात घातला.

आणि बांधावर काय झालं म्हणता? खालची पेठ उठून नाचली! "गोल! गोल!" म्हणून पांडबानं टोपी उडवली. टोपी खाली यायच्या आत सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग असली शांतता पसरली, की नदीचं पाणी ऐकू यावं. शिट्टी झाली. शिल्ड वरच्या पेठेनं नेली.

संध्याकाळी तालमीत शेठच्या समोर बैठक बसली. नाचलो होतो हे कुणीच बोलेना. आपलं झाकायला दुसऱ्याचं उघडं करावं लागतं, तसं सगळ्यांनी इलियासला धरलं.

"डोळे होते का नव्हते तुला?" पांडबा ओरडला. "शत्रूला चेंडू दिलास! शेठ, याला संघातून काढा."

चार जणांनी "काढा, काढा" केलं. इलियास मान खाली घालून उभा होता. लहानपणापासून या मैदानाशिवाय त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. हिंदूराव वाट बघत होता, आता हा म्हणेल, ताशा चुकीचा वाजला. आणि तसं म्हणणं बरोबरच ठरलं असतं.

"तुला काही सांगायचं आहे का?" शेठनी विचारलं.

"काही नाही," इलियास म्हणाला. "ताशाकडं बोट दाखवलं, तर उद्या ऐकायचं कुणाचं?"

एवढं ऐकलं आणि हिंदूरावला बसवेना. आपण गप्प बसलो तर एका इमानी गड्याचा खेळ संपतो. बोललो तर तीन पिढ्यांचा ताशा जातो. तो उठला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला ते कानात सांगितल्यासारखं.

"गोल यानं नाही खाल्ला," तो म्हणाला. "मी खाल्ला. हिरवं दिसलं आणि माझे हात आपलं समजून वाजले. काढायचं तर मला काढा."

मग त्याला राहवेना. तो शेठकडं वळला. "पण शेठ, तुम्हीही आमचा रंग मागायला नको होता. आज्या-पंज्यापासूनचा रंग होता हो तो!" आणि डोळ्यांतलं पाणी तो पिठाच्या बाहीनं पुसायला लागला.

शेठ रागावले नाहीत.

"हिंदूराव, मी रंग कधी मागितला?" ते म्हणाले. "मी 'चालेल का' म्हणून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी हिरवंच किट शिवलं असतं. हिरव्या कापडावर माझ्या डेअरीचं पांढरं नाव उलट जास्त उठून दिसलं असतं."

तालमीत कुणाला वर बघवेना. आता हिरवा परत मागायची सोय नव्हती. वरची पेठ त्याच रंगात शिल्ड जिंकली होती, ती कशाला सोडते? इलियासला संघात ठेवलं आणि ताशाही हिंदूरावकडंच ठेवला, कारण ताशा दुसऱ्याला देऊ नका, असं खुद्द इलियासच म्हणाला. तेव्हापासून गिरणी बंद केली, की हिंदूराव सरावाला बांधावर जाऊन बसतो. पांढरा आपला, पांढरा आपला, असं पुटपुटत हातांना शिकवतो. मन शिकलं आहे. हात अजून शिकायचे आहेत.

तात्पर्य: देणारा जेवढं मागत नाही, तेवढं घेणाऱ्याचा मिंधेपणा आपणहून देऊन टाकतो. म्हणून मदत घ्यावी, पण 'नाही' म्हणायचं तोंड गहाण ठेवू नये.