टोपातलं दूध

फार मागे, लिथुआनियाच्या रानात सापाला देव मानत, तेव्हाची ही गोष्ट. छातीवर क्रूस मिरवणारे सरदार त्या लोकांना सुधारायला आले आणि मार खाऊन पळाले. पळताना एकाचा लोखंडी टोप चिखलात पडला. त्या रानातल्या वैवा नावाच्या म्हातारीने तो धुतला, उताणा ठेवला आणि घरच्या सापाला त्यात दूध घातलं.

"मी कोणाच्या डोक्यावर होतो, ठाऊक आहे?" टोप तणतणला. "माझे लोक येतील, तुझ्यासकट हे घर जाळतील."

"येऊ देत," म्हणून साप दूध पीत राहिला.

हिवाळ्यात रानाभोवतीची दलदल गोठून वाट झाली आणि सरदारांची फौज परत आली. वैवा रानात लपली. एक सरदार मशाल घेऊन घरात शिरला. आता हा आपल्याला डोक्यावर घेणार, म्हणून टोप हरखला. सरदाराने मशाल चुलीत खोचली, स्वतःचा टोप काढून ठेवला आणि दुधाने भरलेला हा टोप उचलून थेट तोंडाला लावला. दूध संपता संपता चुलीमागून सापाने मान वर काढली. सरदार बोडक्यानेच पळत सुटला.

संध्याकाळी फौज निघून गेल्यावर वैवा परतली आणि तिने दोन्ही टोपांत दूध ओतलं.

"मी कोणाच्या डोक्यावर होतो, ठाऊक आहे?" नवा टोप गुरगुरला.

"पहिल्या दिवशी मीही हेच विचारलं होतं," जुना म्हणाला. "आता हलू नकोस. दूध सांडेल."