डाळीच्या डब्याला हात लागला नाही

पोलीस प्रशिक्षण केंद्रात रणनवरे साहेब घरफोडीचा तपास शिकवत, आणि आपण रचलेली खोटी चोरी आजवर कुणाला उलगडली नाही, हे प्रत्येक वर्गाला ऐकवत. या खेपेला त्यांनी स्वतःच्या क्वार्टरमध्येच चोरी रचली. कपाट उघडं, गाद्या उलट्या, कपडे जमिनीवर.

"चोर कसा माणूस होता ते सांगा. नाहीतर सगळ्यांची रविवारची सुट्टी बंद."

कुणी खिडकीवरचे ठसे पाहू लागलं, कुणी दाराची कडी. कावेरी दुधाळ मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचे डबे न्याहाळून परत आली.

"भूक लागली का?" साहेबांनी विचारलं. वर्ग हसला.

"नाही सर, चोर कळला. तो याच घरात राहतो, पण घरातलं त्याला काही माहीत नाही."

साहेबांच्या भुवया चढल्या. "पुरावा?"

"त्याने सगळं घर उचकलं, पण डाळ-तांदळाच्या डब्यांना बोटही लावलं नाही. सराईत चोर आधी तिथेच हात घालतो, कारण बायका सोनं तिथेच लपवतात."

"आमचं सोनं बँकेत आहे," म्हणत साहेब दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळले. "हो ना गं?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी फळीवरचा तूरडाळीचा डबा उचलला, कडेवर घेतला आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

साहेब त्या दिशेला बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रविवारची सुट्टी मंजूर."

"ती पोरांना," आतून आवाज आला. "तुम्ही रविवारी घर आवरायचंय."