मुंगसाची मुदत

मुंगूस कोंबड्यांना ताई म्हणत असे, तेव्हाची ही गोष्ट. मळणीला आठ दिवस होते आणि कवडी नावाच्या कोंबडीकडचे दाणे संपले.

"चल, उकिरडा उकरू. आठ दिवस निघून जातील," शेजारची म्हातारी कोंबडी म्हणाली.

कवडीला त्याची लाज वाटली. ती मुंगसाकडे गेली. त्याने काही न विचारता ओंजळभर ज्वारी दिली.

"आठवड्याने दीड ओंजळ दे. नाहीच जमलं तर एक अंडं दे, मुदत वाढवू."

मळणी लांबली. दर आठवड्याला एक अंडं जाऊ लागलं. पाच अंडी गेली, एकही पिल्लू झालं नाही. खळ्यावर दाणे आले तेव्हा कवडीने पोटाला चिमटा काढून ओंजळभर ज्वारी जमवली आणि नेऊन दिली.

मुंगसाने ती ठेवून घेतली. "अर्धी ओंजळ राहिली."

"अरे, पाच अंडी दिली ना!"

"ती मुदतीची, ताई. अजून आठवडा देऊ?"

कवडीने खाली मान घालून होकार दिला. सहावं अंडं अजून तिच्या पोटातच होतं.