भिवराच्या गोधड्या

गडाला वेढा पडून चौथा महिना लागला आणि सरपण संपत आलं. किल्लेदार सर्जेरावांनी घरटी दिवसाला चार काटक्या ठरवून दिल्या. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीची चूल मात्र धडधडतच होती.

चार काटक्यांत भिवराचे हुलगे रोज शिजतात हे कळताच ते तिच्या दारात आले.

“सरपण चोरतेस?”

भिवरानं कोपऱ्यातल्या गोधड्या उलगडल्या. आतल्या मडक्यातून वाफ निघाली.

“उकळी आली की मडकं यात गुंडाळते, सरकार. बाकीचं उबेवर शिजतं.”

सर्जेराव खवळले. “एकट्या बाईकडे सात गोधड्या? कुणाच्या चोरल्यास?”

“एक माझी. बाकीच्या सहा पांघरणारे तुम्ही तटावर नेलेत. ते परत आले नाहीत.”

दुसऱ्या दिवशी किल्लेदारांच्या न्हाणीवर धूर दिसला नाही.