राखणदाराची पहिली जांभई

कुंदे, पाय चेपायला घेतलेस ना, मग नीट चेप. गुदगुल्या नकोत. आणि रघ्या, बाबा कुठे गेला म्हणून किती वेळा विचारशील रे? खाडीच्या बांधावर गेलाय. आज आपल्या घराची पाळी. का म्हणजे? ऐक तर. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही, मी दमलेय आज.

एक होतं गाव. खाडीकाठचं. त्या गावाला राजा नव्हता, राजाला एवढ्या लांब यायला सवड कुठली! पण राखणदार होता. ताडमाड उंच, खांद्यावर कांबळं, हातात घुंगरांची काठी. त्याला मरण नव्हतं, बरं का. पण झोपही नव्हती. डोळा लागला की मरण लागलं, अशी त्याची अट. म्हणून तो चालायचा. दिवसरात बांधावरून फेऱ्या. बांधाला खेकडे बिळं पाडतात, ती टाचेनं दाबत जायचा. एक बीळ राहिलं की खारं पाणी आत, आणि खारं पाणी आलं की भातशेती बुडाली. तो चालायचा आणि गाव खुशाल घोरायचं.

गाव त्याला द्यायचं काय? तर वर्षाला वहाणांचा एक जोड. तोही शिवायचा गावच्या चांभारानं, तुळसा नावाच्या पोरीच्या बापानं. एका वर्षी बाप तापानं फणफणला. तुळसा म्हणाली, आठ दिवस थांबा. गावकर होता गावचा पुढारी. तो म्हणाला, "छे छे! राखणदार कोपेल." मग बाप तापातच शिवत बसला. वहाणा झाल्या आणि बाप गेला.

तुळसानं डोळे पुसले. दातओठ खात म्हणाली, चाल मेल्या, आता माझ्या वहाणा घालून चाल.

मग पुढच्या वर्षी तिनं काय केलं? टाचेखालची गाठ मुद्दाम आतल्या अंगाला ठेवली. राखणदार भर दुपारी अंगणात हजर.

"वहाण चावते."

"चावू दे. तुझ्या वहाणांनी माझा बाप खाल्ला."

तो तीच वहाण घालून चालत गेला. मग दुसऱ्या वर्षी तिनं जोड आखूडच शिवला. तो आला, "भारी खाष्ट आहेस" म्हणाला, आणि वहाणा काखोटीला मारून अनवाणी गेला. मग तिसऱ्या वर्षी तिनं कच्चं कातडं वापरलं. ते चिखलात भिजलं, उन्हात वाळलं आणि पायालाच आवळलं. राखणदार लंगडत आला.

"निघत नाहीत. कापून दे."

"बस खाली."

"बसता येत नाही. बसलो की डोळा लागेल."

मग तो खांब धरून उभा राहिला आणि तीच खाली बसली. रापीनं वहाणा कापल्या. पाय बघितले आणि तिचा हात थांबला. टाचांना अशा भेगा, की एका भेगेत भाताचा दाणा अडकून त्याला कोंब फुटला होता! तीन वर्षांचा राग, पण रडू आलं हो तिला.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"तुझ्या बापानं विचारलं होतं एकदा. त्यानंतर तूच."

"तुझ्या वहाणांपायीच गेला तो."

"आठ दिवस मी अनवाणी चाललो असतो गो. मला कुणी विचारलंच नाही."

बघा! भांडायचं होतं कुणाशी, आणि बाई भांडत बसली कुणाशी.

मग तिनं मऊ वहाणा शिवल्या. चावतात का ते बघायला एक फेरी त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. वहाण चावत नव्हती, तरी रोज जायला लागली. हसू नकोस कुंदे, तुला सगळं कळतं. जीव जडला दोघांचा. अशी वर्षं गेली. तिचे केस पिकायला लागले, त्याचा एकही नाही.

एकदा चालता चालता तो म्हणाला, "तू जाशील. मग दुसरी कुणी वहाणा शिवील. मला नकोत त्या. दमलो गो मी."

तुळसा तडक गेली गावकराकडे. म्हणाली, "पाळी लावा. रोज एका घरानं चालायचं."

गावकर पोट हलेपर्यंत हसला. "आम्ही चालायचं? मग राखणदार कशाला?"

मग तिनं राखणदाराच्या हातातली काठी काढून घेतली. त्याला आपल्या ओट्यावर बसवला. "डोळे मिटू नकोस," म्हणाली, आणि निघाली. एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसऱ्या फेरीला पडली बिचारी. घुंगरं थांबली. खेकड्यानं बीळ पाडलं आणि खारं पाणी शिरलं ते कुणाच्या शेतात? गावकराच्याच! धोतराचा काचा मारून धावला गडी. टाच रोवून उभा राहिला. आता पाय काढावा तर पाणी आत. बोंब मारली त्यानं. बायको आली, शेजारी आले, अख्खं गाव आलं. हातोहात काठी फिरली. आणि लागली पाळी.

तुळसा लंगडत घरी आली. ओट्यावर राखणदारानं हा एवढा मोठा आ वासला. जन्मातली पहिली जांभई!

ती घाबरली. "झोपू नकोस! मरण लागेल तुला."

"लागू दे. मरेन की कधीतरी, तुम्हा सगळ्यांसारखा. आज नुसता झोपतो."

आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपला. तीन दिवस झोपला. असा घोरला की गावाला वाटलं वाघच शिरला. ती मात्र जागीच. सारखी नाकाशी हात धरून बघायची, श्वास आहे ना. तिसऱ्या दिवशी तो उठला. कानामागे एक पांढरा केस. तो बघून ती हसली आणि रडलीसुद्धा.

तो म्हणाला, "भूक लागलीय." मग तिनं पेज वाढली.

मग काय, दोघं सुखानं म्हातारी झाली. एकमेकांचे पाय चेपायची. पुढे गेली? होय रे बाबा, गेली. सगळी जातात. पण पोटभर झोपून गेली.

आली ऐकू घुंगरं? तो बाबा. आता गोष्ट गेली बांधावर, तुम्ही जा गोधडीत. सोड कुंदे, पुरे झालं. सकाळी तो आला की त्याचे पाय चेप.