गार रस्त्यावरचं गरम चाक

रस्ता गार, वरून पाऊस, ब्रेकवर सकाळपासून फारसा पाय पडलेला नाही... मग चाक तापवलं कोणी, सांगता?

विश्रामने उस्तादांना नेमकं हेच विचारलं. घाटाच्या पायथ्याशी त्यांच्या टपरीपुढे टेम्पो उभा करून तो धावतच आत आला होता.

मोहिद्दीन उस्तादांनी तीस वर्षं ट्रक चालवला. आता ते टायर दुरुस्त करत. विश्राम गाडी शिकला तो त्यांच्याच शेजारी बसून. माणूस मोजकं बोलणारा, पण त्यांना गाडी दाखवल्याशिवाय जुने ड्रायव्हर घाट चढत नसत.

"हात लावून बघा, उस्ताद! मागचं डावं चाक. चटका बसतो!"

उस्तादांनी हात लावला नाही. वाकून नुसता वास घेतला.

"आत काय भरलंय?"

"गणपती! यंदा बासष्ट. दर वर्षीपेक्षा वीस जास्त." विश्रामची छाती फुगली. "सहा वर्षं हे भाडं करतोय. एका मूर्तीचा टवका उडालेला नाही. शेठ म्हणतात, विश्रामची गाडी म्हणजे पाळणा."

"पाळणा कसा केलास?"

विश्रामने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"साठ पौंड हवा लागते ना? मी चाळीसवर ठेवतो. चाक मऊ. खड्डा आला तरी मूर्तींना पत्ता नाही. ही युक्ती तुम्हीसुद्धा शिकवली नव्हती!"

आणि तो थांबला. उस्तादांच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायला तो सहा वर्षं थांबला होता.

उस्ताद टपरीत वळले.

त्यांनी एक जुनी ट्यूब ओढली. तिच्या वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या, अगदी सारख्या. एक फळीवर ठेवली. दुसरी विश्रामच्या हातात दिली.

"ओढ."

विश्रामने ओढली.

"सोड... आता हेच शंभर वेळा. भराभर."

"उस्ताद, चेष्टा करताय? उद्या सकाळी मूर्ती शेठच्या दुकानात पाहिजेत. मी चाकावर बादलीभर पाणी मारतो नि निघतो."

"शंभर."

गुरूचा शब्द. विश्राम ओढत राहिला. चाळिसाला दंड भरून आले. सत्तरला त्याने मनात एक शिवी हासडली. कोणाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"झाले शंभर."

"मधला भाग ओठाला लाव."

विश्रामने लावला... आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"तापली! उस्ताद, ही तापलीय!" त्याने पुन्हा लावली. फळीवरची पट्टी उचलून तीही ओठाला लावली. "ही गार! ही कोमट! ना चूल, ना ऊन... माझ्या हाताची ऊब तर नव्हे?"

"मध्ये हात लावला होतास?"

"नाही! फक्त टोकं धरली होती!"

उस्तादांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. ओढलेली पट्टी नखभर लांब उरली होती. विश्राम वाकून बघत राहिला. ती हळूहळू मागे सरत होती.

"तू जेवढं दिलंस, तेवढं परत दिलं तिने?"

"नाही... थोडं ठेवून घेतलं."

"कुठे ठेवलं?"

विश्रामचं बोट आपोआप ओठाकडे गेलं.

"चाक एका फेऱ्यात किती वेळा दबतं?"

"एकदा. खाली आलं की दबतं, वर गेलं की परत गोल."

"किलोमीटरला फेरे किती?"

"चारशेच्या वर..." विश्राम बोलता बोलता अडखळला. सकाळपासून ऐंशी किलोमीटर झाले होते. हवा कमी, त्यात यंदा वीस मूर्तींचं वजन जास्त, म्हणून प्रत्येक फेऱ्याला दाबणं जास्त. त्याने मान वर करून घाटाकडे बघितलं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला धुकं. धुक्याखाली काय आहे ते त्याला माहीत होतं.

"फुटलं असतं," तो म्हणाला.

"तिसऱ्या वळणावर," उस्ताद म्हणाले. चहा सांगावा तसं.

"मग भरा की हवा! आत्ता भरा!"

"गार होऊ दे आधी."

तासाभराने चाक काढलं. टायर उतरवून उस्तादांनी आतून सगळीकडे तळवा फिरवला, डोळे मिटून. रबराच्या आत विणलेला दोरा कुठे तुटला नव्हता. मग चारही कोपऱ्यांच्या चाकांत साठ पौंड हवा भरली. टेम्पो दोन बोटं उंच झाला.

विश्राम स्टिअरिंगवर बसला, पण किल्ली फिरवेना.

"उस्ताद, आता प्रत्येक खड्डा मूर्तींना कळणार. एखादीचा टवका उडाला तर?"

"उडेल."

"सहा वर्षांचं नाव जाईल माझं!"

उस्तादांनी ती ओढलेली पट्टी खिडकीतून त्याच्या हातात दिली.

"धक्का कोणीतरी खाणारच, विश्रामा. मऊ चाकाने सहा वर्षं खाल्ला आणि ब्र काढला नाही. तुला वाटलं, धक्का संपला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता टेम्पो शेठच्या दुकानापुढे उभा राहिला. एकसष्ट मूर्ती धड होत्या. बासष्टाव्या मूर्तीच्या उंदराचा एक कान गेला होता. विश्रामने ती मूर्ती सगळ्यांत आधी उतरवली आणि कान शेठच्या हातात ठेवला.